चपलांचं तोंड गावाकडे

आमच्या घरात बोटींचे दोनच प्रकार आहेत. एक, जिच्यात चपला काढून चढायचं. दुसरी, जिच्यात चपला घालून चढलं तरी कुणी ओरडत नाही. दुसऱ्या प्रकाराला बाबा बोट म्हणतच नाहीत. ती कितीही मोठी असो, तिला चौदा मजले असोत, आत दुकानं, घसरगुंड्या आणि नाचगाणी असोत. मी आता त्यांच्याच बाजूची झाले आहे, पण त्यासाठी मला आधी त्या चौदा मजल्यांवर फिरून यावं लागलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. दिवेआगरजवळच्या कोळीवाड्यात जन्म, तळा गावी आत्याकडे राहून शाळा, माणगावला कॉलेज आणि आता पनवेलला सरकारी कार्यालयात नोकरी. बाबा मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांनी आणलेली मासळी आई वाळवायची आणि विकायची. माझ्या पदवीच्या कागदाला नाक लावलं तर सुक्या बोंबलाचा वास येईल, असं मी मैत्रिणींना सांगते. त्या हसतात. मी थट्टा करत नसते.

चक्रीवादळ आलं तेव्हा आमची होडी बंदरातून उठली आणि एका सुपारीच्या वाडीत, आडव्या झालेल्या झाडांच्या ढिगात जाऊन बसली. तळ फाटला होता. बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि तिला म्हणाले, "हितं काय मासं मिळणार हाईत तुला?" बस्स, एवढंच. त्यानंतर त्यांनी कुठल्याच होडीत पाय ठेवला नाही. बंदरावर रोज जायचे, दुसऱ्यांची जाळी शिवायचे, पण समुद्राकडे पाठ करून. विचारलं की गुडघा पुढे करायचे.

"गुडघ्याचं आन् समुद्राचं काय भांडान हाय?" आई विचारायची.

"तुला न्हाय कळायचं," बाबा म्हणायचे आणि जाळ्यात मान घालायचे.

त्यांना पुन्हा एकदा पाण्यावर न्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मला समुद्रानं शिकवलं आणि त्याच समुद्राकडे माझा बाप पाठ करून बसतो, हे मला बघवत नव्हतं. म्हणून मी मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या क्रूझची तीन तिकिटं काढली. मोठी भेट द्यायची तर बोट मोठीच हवी, असं माझ्या साध्या डोक्यात होतं.

बाबा अर्थातच नाही म्हणाले. मग आईनं सूत्रं हातात घेतली. जाहिरातीतलं चित्र त्यांच्या नाकासमोर धरून ती म्हणाली, "ही बोट न्हायच. इमारत हाय. इमारतीत जायला भ्याचं कशाला?"

"भितोय कोण?" बाबा म्हणाले, आणि तिथंच फसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा गोंधळ समजणार नाही. होडी म्हणजे आमची देवी. तिच्यावर चपला घालून कुणी चढत नाही. चपला किनाऱ्यावरच राहतात. नुसतं काहीतरी आणायला, दोरी आवळायला होडीवर जायचं असेल, तर चपला कशाही भिरकावल्या तरी चालतं. पण समुद्रावर जायचं असेल, तर चपला नीट जोडीनं ठेवायच्या आणि फिरवून त्यांचं तोंड गावाकडे करायचं. म्हणजे परत आल्यावर पाय घालायचे आणि सरळ घराकडे चालू लागायचं. वाळूत तोंड फिरवलेल्या चपला दिसल्या की बायकांना कळतं, कोण पाण्यावर आहे. त्या चपलांना कुणी हात लावत नाही. कुत्रीसुद्धा लावत नाहीत, असं आई म्हणते. आमची कुत्री तेवढी शहाणी आहेत का, याची मला शंका आहे.

मुंबईच्या धक्क्यावर मी तिकिटं आणि ओळखपत्रं नाचवत पुढे होते. जहाजाच्या दारात ढोल वाजत होता, लोक फोटो काढत होते, मागून गर्दी ढकलत होती. लिफ्टमधून सातव्या मजल्यावर उतरलो, गालिच्यावरून चालू लागलो, तेव्हा माझं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. अनवाणी. बाबांच्या पायांकडे पाहिलं. तेही अनवाणी.

"चपला कुठं आहेत?"

"खाली," आई म्हणाली. "बोटीवर चढताना काडल्या की."

"तूच म्हणालीस ना, ही इमारत आहे?"

"बापसाला म्हनलं व्हतं. देवीला थोडंच म्हनलं?"

मी खिडकीशी धावले. खाली धक्क्यावर, ढोलवाल्यांच्या पायाशी, चपलांचे दोन जोड पडले होते. आईचा जोड नेटका, मुंबई शहराकडे तोंड करून ठेवलेला. बाबांच्या चपला कशाही फेकलेल्या, एक तर चक्क उपडी. घाईत काढल्या असतील, असं मला वाटलं. परत खाली जाऊ देणार का म्हणून मी एका गणवेशातल्या माणसाला विचारलं. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं. त्यानं फार आदरानं नाही म्हटलं आणि वळून हसला.

म्हणजे आता ही दोघं सबंध सफर अनवाणी. जेवणाच्या दालनात अनवाणी सोडत नव्हते. म्हणून खोलीत ठेवलेल्या पांढऱ्या, टॉवेलच्या कापडाच्या सपाता दोघांनी घातल्या. लुंगी आणि पांढऱ्या सपाता अशा वेशात बाबा डोळ्यांच्या दवाखान्यातून पळून आलेल्या पेशंटसारखे दिसत होते. ताटात मासा आला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"ह्याला काटाच न्हाय," ते म्हणाले. "मग ह्यो पवत कसा व्हता?"

खोलीचंही तेच. मी आतली खोली घेतली होती. तिला पडदा होता, छान निळा. बाबांनी मोठ्या आशेनं तो सरकवला. मागे भिंत.

"भितीला पडदा कशाला? लाजते का ती?"

मी म्हटलं, "बाबा, टीव्हीवर दिसतो समुद्र." खरंच दिसत होता. नकाशावर एक ठिपका दक्षिणेला सरकत होता. तो ठिपका म्हणजे आपण, असं मी समजावून सांगितलं. बाबांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या शिक्षणावर खर्च केला याचा त्यांना प्रथमच पस्तावा होत असावा.

वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव होता. बाबांनी त्यात बोट बुडवून चाटलं. "गोडं पाणी हाय!" त्यांनी एवढ्या मोठ्यानं जाहीर केलं की आरामखुर्च्यांवरची चार माणसं उठून बसली. समुद्राच्या मधोमध माणसं गोड्या पाण्यात डुंबतात आणि कृत्रिम हिरवळीवर चेंडू मारतात, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. जहाजाच्या तांडेलाला भेटायचंय म्हणून त्यांनी दोनदा विचारणा केली. दोन्ही वेळा त्यांच्या हातात संध्याकाळच्या कार्यक्रमांचा कागद दिला गेला.

आईचं मात्र उत्तम चाललं होतं. खरं तेच सांगायला हवं. ती नाचाच्या शिकवणीला गेली आणि शिकवणाऱ्या मुलीलाच दोन पावलं शिकवून आली. "मला तर आवडली बाय," ती म्हणाली. "आयतं खानं, आयती भांडी. तुजा बापूस रडतोय तं रडू दे."

संध्याकाळी मी बाबांना वर कठड्याशी घेऊन गेले. आपला किनारा डाव्या हाताला कुठेतरी होता. खाली पाण्यात एक मासेमारीची होडी चालली होती. वरून ती काडेपेटीएवढी दिसत होती. बाबांनी हात वर केला. मग दोन्ही हात वर केले, हाळी दिली. मागे स्पीकरवर गाणं दणदणत होतं. होडीतल्या माणसांनी मान वर केली नाही.

बाबांनी हात खाली घेतले. "त्यान्ला काय ठावं, वर मानूस हाय म्हनून," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाय, एक सांगू का? मी आजून समुद्रावर आलोच न्हाय."

मला फार वाईट वाटलं. एवढी उठाठेव करून मी त्यांना पाण्यावर आणलं होतं आणि ते पाण्यापर्यंत पोचलेच नव्हते.

परत आल्यावर चपला जागेवर नव्हत्या. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्या बेवारस वस्तू म्हणून जमा केल्या होत्या. त्या सोडवायला लेखी अर्ज लागला. चपलांचं वर्णन, मालकाचं नाव, त्या सोडून जाण्याचं कारण. माझ्या पदवीचा इतका थेट उपयोग तोवर कधी झाला नव्हता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'धार्मिक'.

त्यानंतर हिवाळ्यात कळलं की दिघीहून एक छोटी लाकडी प्रवासी बोट निघते. सहा खोल्या, बारा माणसं. जंजिऱ्याच्या बाजूनं काशीदपर्यंत जायचं, बोटीवरच मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. करमणूक काही नाही. फोनवर त्या माणसानं तसं दोनदा बजावलं, जणू मी तक्रार करणार होते.

बाबांनी गुडघा पुढे केला. या वेळी आईनं वाद घातला नाही. "नका येऊ," ती म्हणाली. "आमी दोघी जातो. तुमी धक्क्यावर येऊन हात तरी हालवा." तिची पिशवी मात्र दोन बायकांच्या मानानं बरीच फुगलेली होती.

दिघीच्या धक्क्यावर बोट उभी होती. तिचा तांडेल पस्तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. दाराशी एक वेताची टोपली होती, चपला ठेवायला. इथं सगळेच अनवाणी चढत होते. बाबांनी ती टोपली वाकून पाहिली. आम्ही दोघी चढलो. बाबा धक्क्यावर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यासारखे. मग त्यांची नजर दोरीवर गेली.

"ए तांडेल! ही काय गाठ मारलीस?"

"का वो काका? काय झाला?"

"काय झाला म्हनं! ही बोट बांदायची गाठ हाय का बैलाची?"

"मना ती अशीच येते, काका."

"अशीच येते म्हंजे? तुज्या बोटीत माजी बायको हाय!"

"मग या ना, दावा मना," तो म्हणाला.

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. आई फार लक्ष देऊन आकाशातले पक्षी बघत होती. पुढच्या क्षणी बाबा फळीवरून बोटीवर आले आणि गुडघ्याबिडघ्यावर बसून गाठ सोडू लागले. त्यांनी नवी गाठ मारली, ती त्या तांडेलाला दोनदा मारून दाखवली, मग इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काहीतरी सुनावलं, मग सुकाणूपाशी जाऊन आणखी काहीतरी. एवढ्यात दोरी सुटली होती आणि धक्का मागे सरकत होता.

"आरं, मला उतरायचं हाय!" बाबा म्हणाले. पण ते सुकाणू धरून म्हणाले.

आईनं पिशवी उघडली. वर बाबांची लुंगी, टॉवेल आणि गुडघ्याला लावायचं तेल होतं.

मी मागे वळून धक्क्याकडे पाहिलं. मला जे दिसलं ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

पुढचा वेळ मी बोटीच्या कडेला ओणवी होते. पोटात काही राहिलं नाही. "बगा, बगा," बाबा इतर प्रवाशांना बोलावून दाखवत होते, "तांडेलाची पोर! पदवीधर हाय!" त्यांना इतकं खूश मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. मला त्या उलट्यांचंही काही वाटेना.

जंजिऱ्याच्या पुढे एक मासेमारीची होडी जवळून जाऊ लागली. बाबांनी हात वर केला. इथून पाणी हाताला लागेल इतकं जवळ होतं. होडीतल्या म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले.

"कोन? तांडेल का रं? मेलास म्हनून आयकला व्हता!"

"तू पुडं व्हो, मी येतो मागनं!" बाबा ओरडले.

दोन्ही होड्यांवर हशा झाला. त्यांनी होडी शेजारी लावली आणि टोपलीभर मांदेली आमच्याकडे सरकवली. दुपारी तीच तळली. बाबांनी एकेक काटा चवीनं चोखून ताटाच्या कडेला मांडला.

दुसऱ्या दिवशी परतताना ते माझ्याशेजारी येऊन बसले. "ती गाठ," ते हळूच म्हणाले, "कुनी तांडेल मारत न्हाय. सुकटीच्या पोत्याला तुजी आई मारते ती."

"मग कळलं होतं तर चढलात कशाला?"

"गाठ सुटली आसती तं? दोगी वाहून गेला असतात."

दिघीचा धक्का आला. त्यांच्या चपला जिथल्या तिथं होत्या. जवळ जवळ, नेटक्या, टाचा पाण्याकडे आणि तोंड गावाकडे. बाबा उतरले, मागूनच त्यांत पाय घातले आणि सरळ चालू लागले. त्यांना वळावं लागलं नाही.

मी गप्प बसणार होते. पण आईनंही पाहिलं होतं.

"अवो," ती मागून म्हणाली, "नुसती गाठ मारायला जानारा मानूस चपला फिरवून ठेवतो व्हय?"

बाबा थांबले नाहीत. "वाऱ्यानं फिरल्या आसतील," ते म्हणाले.