आठ फण्यांची सायकल

कौतिकनानांना बसता येत नाही. गुडघे दुखतात, पाठ धरते असं काही नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस ठणठणीत आहे. पण खुर्चीवर टेकून पाच मिनिटं झाली की त्यांचा उजवा पाय हलायला लागतो, मग डावा, मग नाना उठून दारापर्यंत जातात आणि रस्त्यावर काहीच घडत नाही हे बघून परत येतात. फैजपूरजवळच्या त्यांच्या खेड्यात लग्नाच्या पंगतीत नानांना मुद्दाम कडेची जागा देतात, कारण पहिला भात संपायच्या आत हा माणूस दोनदा उठणार हे वाढप्यांनाही पाठ झालं आहे.

अशा माणसाची मोटारसायकल काढून घेतली तर काय होईल? तेच झालं. पण त्यात नवीनचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, काही दोष नव्हता. नाना एका वर्षात तीन वेळा पडले. गाडी हातात आली की त्यांना पुढे कोणी चाललेलं खपत नसे, मग ती बस असो की बैलगाडी. तिसऱ्या वेळी कालव्याच्या वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे टाकायला गेले आणि स्वतःच बांधावरून खाली गेले. घरी येऊन मात्र म्हणाले, झोपेत मान अवघडली. दोन दिवस डाव्या हाताने जेवले आणि कुणी विचारलं की वरणात मीठ कमी आहे म्हणून विषय बदलला. तिसऱ्या दिवशी कुंदाबाईंनी सदरा काढायला लावला, तर उजवा खांदा काळानिळा होऊन सुजलेला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात कुंदाबाई नवऱ्यावर पुष्कळदा चिडल्या होत्या, पण त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. नानांना ते फार झोंबलं.

हाड जुळेपर्यंत नवीनने गाडी विकून टाकली. आलेले अठ्ठावीस हजार वडलांच्या हातात ठेवून म्हणाला, "नाना, यात काय पाहिजे ते घ्या. फक्त इंजिन असलेलं नको."

केळीच्या बागेचा कारभार त्याआधीच नवीनकडे गेला होता. ठिबकच्या नळ्यांपासून व्यापाऱ्याच्या फोनपर्यंत सगळं तो बघायचा. नाना बांधावर जाऊन दोन सूचना करायचे, नवीन "हो नाना" म्हणायचा आणि आपल्याला हवं ते करायचा. पीक चांगलं यायचं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. नाना दिवसभर ओट्यावर. जीव नुसता तळमळायचा त्यांचा. चार भिंतींत आपण असेच पाय हलवत संपणार, अशी भीतीच बसली होती मनात.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ते कालव्यापर्यंत चालत गेले, तर बांधाच्या मुरमावर एक तरुण जोडपं सायकली टेकवून पाणी पीत होतं. सायकली बघून नाना थबकले. खाली वळलेलं हँडल शर्यतीच्या सायकलीचं, पण चाकं चांगली जाड, रस्त्याबाहेर घातली तरी चालतील अशी.

"कोठी चालले?" नानांनी विचारलं.

"कुठेच नाही काका," मुलगी म्हणाली. "फिरायला. ही ग्रॅव्हल बाईक असते, मुरुम, माती, गाडवाट, सगळीकडे जाते."

कुठेच नाही! नाना घरी येईपर्यंत ते दोन शब्द तोंडात घोळवत होते. आयुष्यात ते कामाशिवाय घराबाहेर पडले नव्हते. पाणी सोडायला, मजूर आणायला, खत उचलायला, मयतीला, लग्नाला. कुठेच न जाण्यासाठी निघता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने जळगाव. सायकलीचं दुकान संयम नावाच्या जैनांच्या मुलाचं, वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं मऊ. नानांनी आत पाऊल टाकताच सर्वांत चकाकणाऱ्या सायकलीवर हात ठेवला. पुढे दोन जाड शॉकअप, मागे एक, रंग पोपटी.

"नाना, ही नका घेऊ," संयम म्हणाला.

नाना चाट पडले. स्वतःच्या मालाला नाव ठेवणारा दुकानदार त्यांनी पहिल्यांदा बघितला, आणि लगेच संशयही आला की हा आपल्याला महागडी गळ्यात मारणार. पण संयमने कुठे फिरायचंय ते विचारून घेतलं आणि सायकल पुढे करून उचलायला लावली. नाना उचलता उचलता वाकले. "या किमतीतला शॉकअप म्हणजे नुसतं वजन. तुम्हाला डोंगरावरून उड्या मारायच्यात का? गाडवाटेनं फिरायचंय. मग जाड टायरमधली हवाच तुमचा शॉकअप."

त्या दिवशी नाना काहीच न घेता परतले. आठवड्यात आणखी दोनदा गेले. त्यांच्या बजेटात बसणाऱ्या ग्रॅव्हल बाईक दुकानात दोनच होत्या. एक ॲल्युमिनियमची, हलकी, देखणी, ब्रेक तेलावर चालणारे. दुसरी स्टीलची, करड्या रंगाची, दुकानात लोकांना चालवून बघायला ठेवलेली, म्हणून स्वस्त, ब्रेक तारेचे. नाना बैलबाजारात जसं करायचे तसंच करत. संयमला सायकलीवर बसवून पुढे पिटाळायचे आणि आपण मागून उकिडवे बसून चाल बघायचे. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. संयमही बिचारा जात राहिला.

"या तेलाच्या ब्रेकचं काही बिघडलं तर आमच्या गावात कोन पाहीन?" नानांनी विचारलं.

"कोणी नाही. जळगावला यावं लागेल."

"आनि तारेचा?"

"तार बदलायला पक्कड पुरते."

मग नानांनी उंची बघितली, मधली दांडी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभे राहिले, वरची हँडलपट्टी धरून पाठ फार वाकत नाही याची खात्री केली. शेवटी मागच्या चाकाजवळची दोन छोटी भोकं त्यांच्या नजरेला पडली. "हे कायले?"

"कॅरिअर बसवायला. त्या हलक्या सायकलीला नाहीत."

झालं. नानांचा निकाल लागला. ज्या सायकलीला कॅरिअर नाही ती सायकल कसली? चौथ्या खेपेला स्टीलची करडी सायकल, कॅरिअर, घंटी आणि शिरस्त्राण घेऊन ते नवीनच्या पिकअपमधून घरी आले. निघताना संयम म्हणाला होता, महिनाभरात पटली नाही तर परत आणा, मी घेईन.

हेच वाक्य कुंदाबाईंनी बरोबर पकडलं.

त्या ओट्यावर उभ्या राहून सायकलीकडे बघत होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "जा. पन माझी एक अट हाये."

आत जाऊन त्यांनी घरी पिकवलेल्या घडातली एक फणी कापून आणली, बारा-चौदा पिवळी केळी. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कॅरिअरला बांधली. कुंदाबाईंचं लग्नाआधीचं आणि नंतरचंही सगळं आयुष्य केळीत गेलेलं. खालीवर झालेलं, आपटलेलं, दाबलेलं केळं त्या दुरून ओळखायच्या.

"आठ दिवस रोज एक फनी न्यायची आनि तीच घरी आनायची. केयाले लागलेला मार त्याच दिवशी दिसत नही, दुसऱ्या दिवशी काया पडतो. रोज सकायी मी पाहीन. आठ दिवस डाग नही दिसला तर सायकल तुमची, मी काही बोलनार नही. दिसला तर ती जयगावले परत."

"असं कोठी असतं का?" नाना भडकले.

"तुमी पडसान आनि खोटं बोलसान. केयं खोटं नही बोलत."

नानांचा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला.

पहिल्या दिवशी निघण्याआधी त्यांनी टायर दाबून पाहिलं, तर मऊ. सायकलीच्या टायरने विटेसारखं टणक असावं अशी त्यांच्या पिढीची पक्की समजूत. पंक्चरवाल्याकडे जाऊन ठासून हवा भरली. गाडवाटेला लागले तर प्रत्येक खडा थेट दातांपर्यंत पोचत होता. नाना पडले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फणी काळी ठिक्कर. नानांनी कुंदाबाईंच्या देखत संयमला फोन लावला. तो हसतच सुटला. "नाना, हवा काढा! निम्म्याहून कमी ठेवा. अंगठ्याने दाबलं तर थोडं दबलं पाहिजे."

कुंदाबाईंनी न्याय केला. तो दोष हवेचा, नानांचा नाही; मोजणी नव्याने.

मऊ चाकांवर सायकल वेगळीच चालली. मुरमावरून जाताना नुसता चरचर आवाज, धक्का कमी. पण पाठीमागच्या फणीने नानांचा जीव नकोसा केला. समोर कोणी दिसलं की पायात ओढ यायची, पुढे काढावंसं वाटायचं, आणि लगेच केळी आठवायची. खड्ड्याआधी ब्रेक, ओहोळात उतरून सायकल हाताने ढकलत. दात ओठ खात नाना हळू चालवत होते. हळू चालल्यामुळे त्यांना दिसू लागलं की शेजारच्या वच्छलाबाईंच्या बागेत केळीवर करपा रोग आलाय, पाटाच्या कडेला टिटव्यांची जोडी असते, सातपुडा सकाळी राखाडी असतो आणि आठाच्या सुमारास निळा होतो. असं काही बघायची त्यांना सवय नव्हती. आवडत होतं, पण ते मान्य करायला ते तयार नव्हते.

सात सकाळी केळी स्वच्छ निघाली. कुंदाबाई साल निरखत, मान हलवत आणि नवी फणी बांधत.

आठव्या दिवशी नाना परत येताना कालव्याच्या त्याच वळणावर, त्याच बांधावर पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली होती. धूळ तोंडात जात होती. घर दोन किलोमीटर राहिलं होतं आणि आठ दिवस संपले म्हणून मन आधीच सैल सुटलं होतं. नानांनी कडेच्या गवतावरून सायकल काढली. पुढचं चाक भुसभुशीत काळ्या मातीत रुतलं, सायकल आडवी, नाना आडवे. कोपर सोललं. बाकी काही झालं नाही, सायकलीला तर ओरखडासुद्धा नाही. पण फणी त्यांच्याच मांडीखाली सापडली होती.

नाना तिथे बसून राहिले. इतका वेळ ते कुठेच बसले नव्हते. मग उठले आणि उलट्या दिशेने फैजपूरला गेले, तोंडाला रुमाल बांधला आणि चाळीस वर्षं केळी पिकवणाऱ्या माणसाने हातगाडीवरून केळीची फणी विकत घेतली. गाडीवाल्याने "गोड आहेत काका" म्हटल्यावर त्यांना धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. साडीच्या तुकड्यात फणी गुंडाळून, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून ते घरी आले.

कुंदाबाईंनी फणी सोडली. देठाकडे एक क्षण बघितलं. खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "हातपाय धुवा, जेवाले वाढते."

त्या रात्री नानांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. खोटं पचलं म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. पाय हलवतही नव्हते ते, इतके गप्प पडून होते. हिने एकदा विचारलं असतं तरी बरं झालं असतं, असं सारखं वाटत होतं.

सकाळी कुंदाबाई खुंटीकडे निघाल्या तशा नाना मागून गेले. केळी पिवळीधमक, एकही डाग नाही.

"काल पडलो," नाना म्हणाले. "ट्रॉलीच्या पुढे काढाले गेलो. ही केयं आपली नहीत."

"माले ठाऊक हाये. बाजारात ग्यास सोडून चेंबरात पिकवलेल्या केयाचं देठ असं हिरवंच ऱ्हातं. आंधयाले बी कयीन."

"मग कालच का नही बोलली? रात्रभर माह्या जीवाचं पानी झालं!"

कुंदाबाईंनी त्यांची बाही कोपरापर्यंत वर सारली. जखम बघितली, हात धरूनच ठेवला.

"मांगच्या वेयी तुमी दोन दिवस मोडलेलं हाड घेऊन फिरले, माले सांगितलं नही. म्हनून थांबली. तुमाले लागलेला मार आज दिसतो का, ते पाहाचं होतं."

नानांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलं नाही. कुंदाबाईंनी आत जाऊन हळद आणली, कोपराला लावली. मग घडातली एक फणी कापली, साडीच्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळली आणि कॅरिअरला घट्ट बांधली.

"जा," त्या म्हणाल्या. "आज पयला दिवस."