खोजीआबांचा संशय

खोजीआबा माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय, मग चपला, मग चपलांना लागलेली माती. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ एका तांड्यावर राहायचे. हरवलेल्या ढोरांचा माग काढण्यात त्यांची हयात गेली, म्हणून हे नाव. संशयी इतके, की मी चहा पुढे केला तरी विचारत, "गुरुजी, आज काहून पाजून राहिले?"

त्यांचा खरा राग गर्दीवर. "शंभर माणसं धुंडायला निघाली की शंभरांचे पाय उमटतात. लेकराचा पाय मी कुठं पाहू?" मी हसायचो.

एके दिवशी माझी पाच वर्षांची चिमी सकाळपासून दिसेना. अर्धं गाव विहिरींकडे धावलं, उरलेलं तिच्या नावानं ओरडत फिरू लागलं. माझाच आवाज सगळ्यात मोठा. लोकांच्या मोबाइलवर तिचा फोटो फिरला आणि तासाभरात त्याखाली पोरं पळवणारी टोळीही आली. दुपारी हिंगोलीहून पोलिसांचं कुत्रं आलं. त्यांनी चिमीचा कपडा मागितला. साहेबांच्या हातात मळका कसा द्यायचा, म्हणून बायकोनं आदल्याच दिवशी इस्त्री होऊन आलेला सणाचा फ्रॉक दिला. कुत्र्यानं वास घेतला आणि ते थेट इस्त्रीवाल्या बाबूच्या टपरीपुढं जाऊन उभं राहिलं.

लोकांनी बाबूची कॉलर धरली. दोन थपडाही बसल्या. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याला सोडवायला पुढं झालो नाही.

तेवढ्यात आबा आले. "कुत्रं बराबर बोललं. फ्रॉकाला हात याचाच लागलेला हाय. सोडा त्याला."

मग मला बाजूला घेऊन, माझ्या पायांकडे बघतच त्यांनी विचारलं, "सकाळी घरात काय झालं?"

"काही नाही."

"गुरुजी, जनावर भुकेनं घर सोडते, नाहीतर भेवानं. लेकरू जेवलं व्हतं का?"

जेवली होती. मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला म्हणून मी तिला मारलं होतं, चांगले वळ उठेपर्यंत. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं; आबांना सांगितलं.

आबा एवढंच म्हणाले, "मग तुमी वरडू नका. ते तुमचाच आवाज ऐकून लपून राहिलं."

त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं, मला तर गल्लीबाहेरच काढलं. बायकोला रोजच्यासारख्या भाकरी थापायला बसवलं आणि रोजच्यासारखीच हाक मारायला सांगितली. तिसऱ्या भाकरीला चिमी घरामागच्या तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या ढिगातून बाहेर आली. त्या ढिगापाशी मी पाच वेळा ओरडून गेलो होतो.

आबांनी त्या माराची गोष्ट कुणाला सांगितली नाही. मला त्यांचा धाक वाटे आणि लळाही होता. मागच्या वर्षी ते गेले.

बाबू अजूनही माझे शर्ट इस्त्री करतो. मधूनच विचारतो, "गुरुजी, लेकरू घरामागंच हाय, हे आबाला समजलं तरी कसं?"

मी खाली, माझ्या चपलांकडे बघतो आणि म्हणतो, "खोजी होते रे आबा."