साडेतीन फुटांचा हात

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास होऊन अकोले गावातल्या आमच्या घरी बसले होते. वहिनीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. ती खेड्यातली, माझ्याहून वर्षाभरानंच मोठी. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती टोपली करायची, मी तिच्यावर पोपट नाहीतर वेल रंगवायची. दिवसभर आम्ही दोघी कशावरूनही हसत असायचो आणि आई म्हणायची, "एक होती ते बरं होतं."

आमच्याकडे बांगड्या भरायला एक मावशी यायच्या. जातीच्या कासार, पन्नाशीच्या, आवाज असा की शेजारची गल्लीही ऐकत बसावी. एकदा माझ्या हातात बांगडी चढवता चढवता त्यांची नजर फळीवरच्या पोपटाच्या टोपलीवर गेली.

"ही कुनी केली?"

"आम्हीच," मी म्हटलं.

"मग मला येक हात करून द्या."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांनी राजूरच्या बाजारात पत्र्याच्या शेडमध्ये बांगड्यांचं दुकान घेतलं होतं. बाजाराला डोंगरातल्या वाड्यांवरून बाया येत, पण दुकान सापडत नसे. "पाटी लावली तर वाचनार कोन? मोठा हात पायजे. लांबून दिसला की बाईनं म्हनावं, त्या तितं बांगड्या हायेत."

वहिनी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "करू की."

मावशी गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, तू कधी हात केलायस?"

"न्हाई. पन टोपली लांब केली की हात हुतोय."

लगद्यासाठी रद्दी पुरेना, तेव्हा मी ट्रंकेतून माझ्या भूमितीच्या वह्या काढल्या. त्या पाण्यात भिजत घालताना मला झालेला आनंद मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. चार दिवसांनी सगळी प्रमेयं मऊ झाली. मग आम्ही त्यांत कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घातली आणि उखळात कुटून कुटून लगदा केला. दंडासाठी चटईची गुंडाळी उभी केली, बोटांसाठी बांबूच्या काड्यांना सुतळी गुंडाळली आणि वर लगद्याचे थर चढवले. पहिल्या दिवशी करंगळी वाकली. दुसऱ्या दिवशी अंगठा गळून पडला आणि कोंबडीनं तो ओढत अंगणाच्या टोकाला नेला. वहिनी तिच्यामागे धावत ओरडत होती, "अगं, अंगठा दे! अंगठा दे!" मला उभं राहवेना, मी पायरीवर बसून पोट धरलं.

हात वाळला तेव्हा उभा साडेतीन फूट भरला. ऑइल पेंटचा कातडीसारखा रंग काही जमेना. आधी गुलाबी झाला, मग भाजलेल्या वांग्यासारखा. शेवटी पिवळा वाढवत वाढवत हळद लावलेल्या नवरीसारखा झाला आणि आम्ही तिथंच थांबलो. बांगड्यांसाठी जुन्या चाळण्यांच्या पाच लाकडी कडा मिळवल्या, हिरव्या रंगवल्या, वर सोनेरी बेगड चिकटवली. नखांना लाल रंग लावायची कल्पना माझी. आई म्हणाली, "असली नखं बघून बाया पळतील." पण हळूच येऊन दोनदा बघून गेली.

बाजाराच्या दिवशी आम्ही हात चादरीत गुंडाळून राजूरच्या एस.टी.त चढलो. टपावर ठेवायला वहिनी तयार नव्हती. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्ये?"

"हात आहे," मी म्हटलं.

"कुनाचा?"

"मावशींचा," वहिनी म्हणाली.

कंडक्टरचा चेहराच उतरला. मी घाईघाईनं चादर बाजूला केली, तशी अख्खी गाडी पुढं वाकली. सीटवर आडवा ठेवला तर हात मावेना, म्हणून बोटं खिडकीबाहेर काढली. कंडक्टरनं वर लिहिलेल्या सूचनेकडं बोट दाखवलं, 'खिडकीबाहेर हात काढू नये.'

"ते माणसांच्या हातांसाठी आहे," मी म्हटलं. त्याला हसू आवरेना. तिकीट फाडायचं सोडून तो दांड्याला धरून उभा राहिला.

वाटेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बैलगाडीवरून त्या हाताला रामराम घातला. पुढच्या थांब्यावर एक बाई पदर सावरत पळत आली आणि धापा टाकत म्हणाली, "कोन बलावतंय मला?" राजूर येईपर्यंत कोण कुणाला हसतंय तेही कळत नव्हतं.

दुकानात मावशींनी हात पाहिला. मग त्यांनी त्याची बोटं एकेक करून चाचपली, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं. गिऱ्हाइकाचा हात बघताना बघायच्या अगदी तसंच. "हाड चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी पहिली चाळणीची बांगडी घेतली आणि बोटांवरून घालायला लागल्या. बांगडी पंजावर अडली. वहिनीनं जोर लावला, मी मनगट धरलं. मावशी सवयीनं म्हणाल्या, "सैल सोड गं बाई, सैल सोड!" आणि आपण कुणाला म्हणतोय हे लक्षात येताच स्वतःच मटकन खाली बसून हसू लागल्या. तोवर दाराशी बाया जमल्या होत्या. त्यांतली एक कडेवर पोर घेतलेली बाई शांतपणे म्हणाली, "ती खालून घाला की. तिकडं तर कोपारच न्हाई."

खरंच की! पाचही बांगड्या खालून झरझर चढल्या. त्या बाईनं आपला पंजा त्या मोठ्या पंजाला लावून पाहिला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. मावशींनी तेवढ्यात तिघींनाही आत बसवलं आणि भरायला सुरुवात केली.

दुपारी मावशींनी आम्हा दोघींच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या भरल्या, नको नको म्हणत असताना. निघताना समोरचा चपलांचा दुकानदार रस्ता ओलांडून आला. तो मघापासून बघत होता.

"ताई, मला येक पाय कराल का?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "करू की. डावा का उजवा?"

तो बिचारा विचारात पडला. तो पाय काही झाला नाही. पुढच्याच महिन्यात वहिनीला दिवस गेले आणि मेथीच्या वासानं तिला मळमळायला लागलं. पण त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत आम्ही त्या पायाला किती रद्दी लागेल याचा हिशेब करत होतो, आणि हात जरा हलवला की चाळीस-चाळीस बांगड्या एकदम वाजत होत्या.