हिराबाईची तळ्याकाठची सुट्टी

त्या मंगळवारी सकाळी मी बोईसरच्या बाजारात गेले, तर हिराबाईची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी बसणारी कुसुम मला बघून उभी राहिली. गिऱ्हाईक आलं म्हणून कुसुम कधी उभी राहत नाही. “बाई, आमची हिरामावशी गेली,” ती म्हणाली. “काल दुपारी. जेवली, जरा पडते म्हनली, ती उठलीच नाय.” आजूबाजूला कोयते चालू होते, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं, कुणीतरी करंदीचा भाव ओरडत होतं... आणि मी रिकामी पिशवी हातात धरून तशीच उभी. रविवारी मी तिच्याकडून मांदेली घेतली होती. सत्तरीची बाई, आदल्या दिवसापर्यंत टोपली घेऊन खाडीकाठच्या दांडी गावाहून येत होती. “सुखानं गेली,” कुसुम म्हणाली. खरं होतं ते. पण सुखानं जगली कशी, तेही सांगायला हवं, आणि त्यातला एक महिना मी तिच्याबरोबर होते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मूळची साताऱ्याकडची. माहेरी शेती, घरात शाकाहार. नवऱ्याला तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात नोकरी लागली आणि लग्नानंतर महिन्याभरात मी इथे आले. नवऱ्याला मासे आवडायचे, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा नाकाला पदर लावून उभी होते. समोर बसलेली बाई, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, मोकळं हसली आणि म्हणाली, “पदर सोडा. नाकानं नाय, डोळ्यानं घ्यायचं मासं. डोला बगायचा. चमकला तर ताजा, धुरकटला तर कालचा.” मग माझे बोंबील तिनंच साफ करून दिले आणि रव्यात कसे घोळवायचे, तेही सांगितलं. ती हिराबाई. पुढे मी शाळेत नोकरीला लागले आणि तिची मनीषा माझ्या वर्गात आली, तेव्हापासून मी तिची ‘बाई’ झाले, ती शेवटपर्यंत. मनीषा दहा वर्षांची असताना तिचे वडील कावीळ होऊन गेले. एका टोपलीवर हिराबाईनं मुलीला नर्स केलं. मनीषा मुंबईत नोकरीला लागली, तिथेच जर्मन शिकली आणि एक दिवस ऑस्ट्रियातल्या इस्पितळात निघून गेली.

तीन वर्षं ती आईला बोलावत होती. हिराबाईचं एकच उत्तर: “मी तिकडं येऊन काय करू?” दोन वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस मनीषानं मला फोन केला आणि गळ घातली, बाई, तुम्ही आलात तर आई येईल. मी दांडीला गेले. अंगणात जाळी पसरलेली होती, काठ्यांवरचे शेवटचे बोंबील उतरवणं चाललं होतं, पावसाआधीची धांदल. म्हटलं, “काही करायचं नाही हो तिथं. सुट्टी घ्यायची.”

“सुट्टी शालेला असते, बाई. आमाला बंदी असते.”

“मग त्या मासेमारीच्या बंदीत चला. जूनमध्ये बोटी वर ओढल्यावर इथं तरी काय करणार आहात?”

ती काठीवरचे बोंबील ओढत राहिली. टोपली भरल्यावर म्हणाली, “तुमी येनार असाल तर बगू.” माझे यजमान तर मी जाणार म्हणून इतके खूश झाले, की मलाच जरा संशय आला.

ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला आल्प्सच्या कुशीत केर्न्टन म्हणून प्रांत आहे. आल्प्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. तिथे मात्र ऊन. सकाळी पाचला येऊन बसतं ते रात्री नऊपर्यंत हलत नाही. डोंगर उत्तरेचा वारा अडवतात आणि मधल्या खोऱ्यांत लहानमोठी तळी चकाकत असतात. मनीषाचं घर अशाच एका तळ्याकाठच्या गावात होतं. लाकडी सज्जे, त्यात लाल फुलं, कांद्याच्या आकाराचा कळस असलेलं चर्च, आणि खाली हिरवंनिळं पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. पहिल्या दिवशी हिराबाई काठावर जाऊन बसली ती दुपारपर्यंत उठेना. जवळ गेले तर म्हणाली, “बाई, ओहोटी कवा लागते हितं?” मी म्हटलं, तळं आहे हे, याला भरती-ओहोटी नसते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. “म्हनजे येत नाय, जात नाय? निस्तं बसून ऱ्हातं?” आयुष्यभर तिचं उठणं, बसणं, जेवण, झोप पाण्याच्या वेळेवर चाललेलं. वेळ न सांगणारं पाणी तिनं पहिल्यांदाच बघितलं. संध्याकाळीही तिची पंचाईत झाली. देवापुढे दिवा लावायचा कधी? घड्याळात आठ वाजलेले आणि बाहेर लख्ख ऊन. चार दिवस तिनं वाट बघितली, मग देवालाच सांगितलं, “तुला पन सुट्टी. ऊन सरंल तवा लावते.”

हळूहळू ती रुळली. मनीषा कामावर गेली की आम्ही दोघी बाहेर पडायचो. तळ्यातली छोटी बोट गावागावाला थांबत जायची, वाटेल तिथे उतरायचं, परतीच्या बोटीनं यायचं. हिराबाई नऊवारीवर मनीषाचं जाकीट घालायची आणि बोटीत चढताना कुणाचा हात घ्यायची नाही, उलट इतर म्हाताऱ्यांना द्यायची. एका गावात तळ्यातला मासा धुरी देऊन विकायला ठेवला होता. तिनं डोळा बघितला, मान हलवली, घेतला, चाखला. “ताजा हाय. पन मीठ कुटं हाय ह्याच्यात? जलमात समिंदर बगितला नाय बिचाऱ्यानं.” एकदा रोपवेनं वर कुरणात गेलो. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, चहूबाजूंना शिखरं, आणि गवतावर लोक चक्क आडवे होऊन ऊन खात पडलेले. हिराबाईनं विचारलं, “हे आजारी हायत का?” नाही म्हटल्यावर तीही आडवी झाली, डोळ्यांवर पदर घेतला, आणि दहा मिनिटांत घोरू लागली... तिला दिवसाढवळ्या झोपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात मनीषानं मला एकटीला गाठलं. तिच्याच इस्पितळात रुग्णवाहिका चालवणाऱ्या मार्टिनशी तिला लग्न करायचं होतं. दोन वर्षं ठरलेलं, आईला सांगायचं धाडस नाही. आईनं वडराई गावचं एक स्थळ बघून ठेवलंय, हे तिला कुणीतरी कळवलं होतं. “रविवारी मार्टिनच्या आईकडे जेवायला जायचंय. त्याआधी तुम्ही सांगा ना, बाई,” ती म्हणाली. आणि वडराईच्या त्या मुलाचा फोटो हिराबाईनं मला विमानातच दाखवला होता, मनीषाला तुमीच समजवा म्हणून! दोघींच्या मधे मी. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तोंड उघडायचे आणि हवेबद्दल बोलायचे. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेली मी! हिराबाई एकटी. मुलगी परत येईल, दांडीतलं घर पुन्हा भरेल, एवढ्या आशेवर ती इतक्या लांब आली होती. ती आशा मी कुठल्या तोंडानं मोडू?

रविवारी मनीषाच्या गाडीतून निघालो. ‘ओळखीच्यांकडे’ जायचं, एवढंच हिराबाईला माहीत. मनीषा आरशातून माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीबाहेर. खोऱ्यातल्या नदीचं नाव गाईल. “कोन गाईल?” हिराबाईनं विचारलं आणि स्वतःच हसली. मग एका वळणावर ती एकदम ओरडली, “बाई, बोंबील!” शेतात उंच खांब रोवून त्यांना आडव्या काठ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर काहीतरी ओळीनं वाळत घातलं होतं. हुबेहूब दांडीचा किनारा. होतं मात्र गवत. जनावरांची हिवाळ्याची वैरण. तिथंच, त्या शेताच्या कडेला, मनीषानं गाडी थांबवली. मार्टिनच्या आईचं घर तेच होतं.

आणि डोंगरामागून ढग आला. बघता बघता ऊन गेलं, वारा सुटला. अर्धं गवत अजून जमिनीवर पसरलेलं होतं. एक साठीची बाई आणि एक उंच तरुण लांब दांड्याच्या काट्यानं ते उचलून काठ्यांवर टाकत धावत होते. ओळखपाळख काही नाही, हिराबाईनं गाडीचं दार उघडलं, कासोटा घट्ट केला आणि शेतात शिरली. मनीषा मागून “आई! अगं आई!” करत राहिली. सुकायला घातलेला माल आणि वर आलेला पाऊस, यापुढे हिराबाईला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिनं कवळा भरला, काठीवर टाकला, दोन्ही बाजूंना सारखा ओढला, पुढचा भरला. वैरण म्हटल्यावर माझेही हात शिवशिवले. माहेरी मी काय कमी कडबा रचला होता? मीही घुसले. ती परकी बाई क्षणभर थांबली, आम्हा दोन लुगड्या-साड्यांकडे बघितलं, आणि काही न बोलता वरची काठी हिराबाईला दाखवली. पाऊस आला तेव्हा जमिनीवर मूठभर गवत उरलं होतं. आम्ही सगळे पळत घराच्या पडवीत पोचलो. धापा टाकतोय, केसांत काड्या, आणि सगळे हसतोय.

मनीषा मात्र रडायच्या बेतात. त्या बाईनं सगळ्यांना टॉवेल दिले, पाव, चीज आणि सफरचंदाचा रस मांडला. तो तरुण हिराबाईच्या पायाशी वाकून तिच्या लुगड्याला चिकटलेली कुसळं काढू लागला. हिराबाईनं त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. चांगलं बघितलं. मग मनीषाकडे वळून म्हणाली, “ह्योच काय?”

मीच चाचरत म्हटलं, “हिराबाई, मी तुम्हाला सांगणारच होते...”

“तुमी तीन दिवस काय सांगताय ते बगतेय मी. हवा चांगली हाय, हवा चांगली हाय,” ती म्हणाली. “इमानतळावरच पोरीचा डोला बगितला मी. चालीस वर्सं डोलेच बगतेय ना, बाई? माला कलायला कुनी सांगाया लागतं?” मग मनीषाला जवळ ओढून बसवलं. “वडराईवाल्याला ‘नाय’ म्हनून कलवते. पन तू भ्यालीस कशाला गं मला? मी काय परकी हाय?” मनीषा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मार्टिनच्या आईला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. तिनं हिराबाईच्या ताटलीत चीजचा आणखी एक तुकडा ठेवला, आणि हिराबाईनं वास घेऊन तोंड वाकडं न करता तो खाल्ला. त्याहून मोठा होकार मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी परतताना तळं दिसू लागल्यावर हिराबाई मला हळूच म्हणाली, “घर भरंल वाटलं होतं, बाई.” एवढंच. मी तिचा हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी मनीषानं आणि मार्टिननं तिला इथंच राहायचा आग्रह केला. खोली तयार आहे, म्हणाले. तिनं दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. “सुट्टीला आलेली बाय मी. सुट्टी म्हनजे परत जायचं असतं. नायतर ती सुट्टी कसली?” उरलेले आठ दिवस तिनं मनापासून घालवले, पाण्यात पाय सोडून, आइस्क्रीम खात.

पुढच्या हिवाळ्यात दांडीला लग्न झालं. मार्टिनची आई आली, तिनं काठ्यांवरचे बोंबील बघितले आणि हिराबाईला कडकडून मिठी मारली. आता दिवसकार्याला दोघं येऊन गेले. जाताना मनीषानं घराची किल्ली कुसुमकडे दिली, झाडलोटीला. गेल्या आठवड्यात मीही जाऊन आले. दुपारचे चार वाजले होते. घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टेकून एक लाकडी बाक आहे. तिकडे, केर्न्टनमध्ये, प्रत्येक घराला उन्हाच्या बाजूनं असा बाक असतो. दिवसाचं काम आटोपलं की माणसं त्यावर येऊन बसतात. परत आल्यावर हिराबाईनं गावच्या सुताराकडून तसाच करून घेतला होता. आधी लोक हसले. उंबरा असताना बाक कशाला? पण ती रोज टोपली धुऊन, पालथी घालून, तिथं खाडीकडे तोंड करून बसायची, आणि बोलावलं तरी अर्धा तास उठायची नाही.

मी गेले तेव्हा बाकावर कुसुम आणि शेजारच्या दोघी बसल्या होत्या. हातात निवडणं नाही, शिवणं नाही. बाजूला तीन टोपल्या पालथ्या. मला बघून त्या सरकल्या.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“काय नाय,” कुसुम म्हणाली. “मावशीचा बसायचा येल झाला ना. बसा.”

मी बसले. भिंत उन्हानं तापलेली होती, पाठीला बरी वाटली. खाडीत पाणी चढत होतं.