एकवीस दाणे

आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या दारावर एक यादी चिकटवलेली आहे, परदेशी पार्सलची. अकरा ओळी : वस्तू काय, कशाची, किती, वजन, किंमत, कुठे बनली, शुल्काचा कोड, पत्ता, फोन, फोटो, फॉर्मच्या प्रती. प्रत्येक ओळीवर खूण झाल्याशिवाय मी खोक्याला टेप लावत नाही.

मी ऑनलाइन गोधड्या विकते. त्या शिवतात महाळुंग्याच्या एक मावशी. त्यांच्या घराला तीन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला उभे कंटेनर. पूर्वी अमेरिकेत कमी किमतीच्या पार्सलवर शुल्क नव्हतं. ‘गोधडी, एक’ एवढं लिहिलं तरी पार्सल पोचायचं. ती सूट बंद झाली तशी माझी यादी लांबली, आणि लवकरच एक छोटी गोधडी तिकडच्या कस्टमने उघडून नष्ट केली. कारण दिलं होतं : फॉर्मात न लिहिलेलं धान्य.

मी तशीच महाळुंग्याला गेले.

“मावशी, गोधडीत तांदूळ कुठून आले?”

“मीच घालती की. कोपऱ्यात.” त्यांची सुई थांबली नाही. “ओटी नगं व्हय? घरातनं निघाली म्हंजी ती लेकच. लेकीला मोकळ्या पदरानं लावून देतीस का तू?”

“तिकडे दाणा सापडला तर अख्खी गोधडी जाळतात. कस्टमवाल्यांना ओटी माहीत नाही.”

“मंग त्येंच्या लेकी नांदत्यात कशा?”

मी हसले नाही. पिशवीतून वही-पेन काढून यादीसाठी बारावी ओळ टिपून घेतली : तांदूळ नाही.

“न्हाई घालत,” त्या म्हणाल्या. “पर ती जायाची न्हाई, ताई.”

त्यानंतरची पहिलीच गोधडी साधी नव्हती. तिकडे एकट्या राहणाऱ्या एका बाईंनी गेलेल्या आईच्या नऊ साड्या माझ्याकडे पाठवल्या होत्या. घरात आईचं तेवढंच उरलं होतं. साड्या कापून झाल्या होत्या, म्हणजे ही गोधडी नष्ट झाली तर दुसरी होणार नव्हती. मावशींनी ती तांदळाशिवाय शिवली. कोपरे मी स्वतः चाचपले, बाराही ओळींवर खुणा केल्या आणि पार्सल पाठवलं.

ते परत आलं. शेरा होता, पत्ता सापडला नाही. पत्ता बरोबर होता. याच पत्त्यावर मी आधी दोन उशांचे अभ्रे पाठवले होते आणि ते पोचले होते. मी पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा पाठवलं.

या वेळी कस्टममधून सुटलं, त्यांच्या दारापर्यंत गेलं आणि तिथून फिरलं. ट्रॅकिंगवर लिहिलं होतं : घरातल्या वयस्कर बाईंनी घेण्यास नकार दिला.

मी त्यांना मेसेज केला, घरी कोण होतं?

“मी घरीच होते. दिवसभर. बेल वाजली नाही,” त्यांनी लिहिलं. मग दुसरा मेसेज आला : “त्या काय म्हणाल्या, ते लिहिलंय का?”

लिहिलेलं नव्हतं.

खोकं परत आलं तेव्हा टेप माझीच होती, कुठेही न कापलेली. मी गोधडीची चौकोनी घडी घालते, उलट बाजू वर. पाठवण्याआधी यादीसाठी काढलेला फोटोही तसाच आहे. आत ती लांबट, पदर वर येईल अशी ठेवलेली होती. साडीची घडी.

मी मावशींना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच फ्लॅटवर, माझ्या पॅकिंगच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“दाणा आत जायचा नाही,” मी आधीच सांगितलं. “एकही नाही.”

“आत कशाला? वर भरू, परत घिऊ. ओटीतलं चार दाणं माघारी देत्यातच की. आपण समदं घिऊ.”

मला ते पटलं. मी तांदूळ मोजून दिले, एकवीस दाणे. मावशींनी गोधडी खुर्चीवर बसवल्यासारखी ठेवली, कडेचा पदर पसरला, त्यात दाणे सोडले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “जा बाई. लेक वाट बघती.” कुठली आई आणि कुठली लेक, ते मी विचारलं नाही. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. कोणी उतरलं नाही.

मग आम्ही दाणे परत घेतले. वाटीत एकोणीस भरले.

गोधडी झटकली, खुर्ची सरकवली, फरशी झाडली. शिवण बोटांनी इंचाइंचाने पाहिली. कुठेही उसवलेली नव्हती, दोन टाक्यांमधून दाणा जाईल एवढी जागा नव्हती. वजन केलं, तर पहिल्या दिवशी होतं तेवढंच, ग्रॅमचाही फरक नाही.

“शिवण उसवून बघू?” मी विचारलं.

“बघ की. उसवलीस तर पुन्यांदा मी शिवायची न्हाई.”

ब्लेड माझ्या हातात होतं. दोन दाण्यांसाठी नऊ साड्या जातील, की दोन दाण्यांवाचून त्या पुन्हा परत येतील? मी ब्लेड ठेवलं. फॉर्मवर लिहिलं, सुती गोधडी, हाताने शिवलेली, एक. टेप लावली.

पार्सल पोचलं. कस्टमने उघडलं नाही. त्या बाईंनी पलंगावर पसरलेल्या गोधडीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “या वेळी बेल वाजली. दोनदा.”

दाण्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. कपाटावरच्या यादीत त्या पार्सलपुरती एक जादा ओळ आहे : दाणे दिले एकवीस, परत एकोणीस. तिच्यापुढे खूण केलेली नाही.