ट्रेबल कमी करताना

गंगापूर रोडवरच्या ज्या हॉटेलात मी कॅशवर होतो, तिथे शनिवारी संध्याकाळी एक साठीचे गृहस्थ गिटार वाजवायला यायचे. नाव मी कधी विचारलं नाही, काका म्हणायचो. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूबांचा जुना अँप्लिफायर ते रिक्षातून आणायचे आणि ट्यूबा तापेपर्यंत डोळे मिटून बसायचे. आवाज मऊ, उबदार लागायचा.

हल्ली तो टोचू लागला होता. एका शनिवारी एक बाई कानांवर हात ठेवून उठून गेल्या. मालक म्हणाले, "त्यांना सांग, नाहीतर दुसरा माणूस बघू."

मी सांगितलं, तसे काका दचकले.

"वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत आता. म्हणून ट्रेबल वाढवत गेलो. मी कमी करतो, बरं वाटलं की हात वर करा."

एकच तार छेडत ते बटण फिरवत राहिले. जुना आवाज परत आला, तसा मी हात वर केला.

"गोड आहे?"

"हो, काका."

"मला गोधडीखालून आल्यासारखा वाटतोय," ते म्हणाले आणि वाजवू लागले.

त्या संध्याकाळी टाळ्या खूप पडल्या. काका नुसते बोटांकडे बघून वाजवत होते. पुढच्या शनिवारी आम्ही त्यांची खुर्ची मांडून ठेवली. ते आले नाहीत.