आत्याचा ठ

माझी आत्या बोलतेसुद्धा ठळक टाइपात, म्हणून सगळी गल्ली तिला ठळकबाई म्हणते. आजोबांमागे छापखाना तिनेच चालवला आणि त्यांनी मोठ्या जाहिरातींसाठी कोरून घेतलेली लाकडी अक्षरं जिवापाड जपली. काय ती अक्षरं! जाडजूड, टोकाटोकाला चौकोनी ठोकळे, बूट घालून भांडायला उभी असल्यासारखी. वापरून वापरून टवके उडालेले, त्यामुळे काळ्या छपाईत पांढरे ठिपके उमटायचे. ठ शी मात्र तिचं वैर. संचात तो एकच, पण ती त्याला बाहेर काढायची नाही. 'ठिकाण' आलं की 'पत्ता' करायची. एका जादूगाराला तर आठचा खेळ साडेसातला घ्यायला लावला! कारण विचारलं की, "माझा छापखाना, माझी मर्जी."

छापखान्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. अक्षरं कोणी नेली नाहीत तर ती चुलीत जाणार, या विचाराने आत्याला घास उतरेना. तेवढ्यात संगणकासाठी अक्षरं बनवणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं. जुनी जाहिरात बघून ती वेडी झाली होती. एका दिवसासाठी येणार, सगळ्या अक्षरांचे ठसे घेणार आणि संचही नेणार.

आत्या हरखली. पाहुणीसमोर असली फाटकी अक्षरं कशी मांडायची? तिने आदल्या दिवशी प्रत्येक टवक्यात लांबी भरली, अगदी सुतार भरतात तशी.

मुलीने पहिला ठसा काढला. काळाकुळकुळीत, गुळगुळीत.

"काकू, ती जाहिरातीतली अक्षरं कुठायत?"

"हीच की! आता देखणी झालीत."

"पण मला ते टवकेच हवे होते हो..."

आत्या मटकन खुर्चीत बसली. "अगं बाई!" ठळकबाई बारीक टाइपात बोलली, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अगं, लांबी अजून ओली असेल!" बाबा ओरडले. मग काय, केसातल्या पिना, टाचण्या, दात कोरायच्या काड्या, मिळेल ते घेऊन आम्ही चौघं अक्षरांवर तुटून पडलो. पाहुणीच्या नाकाला शाई, बाबांच्या टकलावर लांबी, आणि आत्या हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात.

संध्याकाळच्या गाडीआधी शेवटचा ठसा निघाला, ठ चा. त्याच्या पोटावर दोन पांढऱ्या खुणा.

"हे काय?"

"हिचे दात!" बाबा म्हणाले. "दीड वर्षाची असताना कोराकरकरीत ठ चावला हिने."

आत्या लाजून लाल. मुलीने विचारलं, "दुरुस्त करू का?"

"हात लाव, मग बघ!"

सहा महिन्यांनी ती अक्षरं आमच्या संगणकावर आली. आत्या एका बोटाने ठ दाबत सुटली. पडदा भरला.

"आजोबा रागावले नव्हते गं?" मी विचारलं.

"छे! म्हणाले, पोरीला आत्तापासून अक्षरांची गोडी लागली. दुसरा ठ कोरून घेतलाच नाही त्यांनी." ती हसत होती, रडतही होती. मग तिने कवळी सावरली आणि आणखी एक ओळ ठ दाबले.